जुनाट, चिवट, बारमाही : खूप काळ टिकणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत इतके शब्द का आणि कुठला कुठे चालतो

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू हातात सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते, 'क्रॉनिक सायनसायटिस'. त्यांच्या मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं की क्रॉनिक म्हणजे काहीतरी सिरियस असतं, आणि तेव्हापासून काकूंनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. "अगं, क्रॉनिक म्हणजे लास्ट स्टेज ना? खरं काय ते सांग." मी म्हटलं, काकू, क्रॉनिक म्हणजे जुनाट. तुमची सर्दी जुनाट झालीय, एवढंच लिहिलंय. काकू खुर्चीत मटकन बसल्या. "जुनाट होय! मग ते मला माहितीच आहे की, दिवाळीपासून चाललंय हे."

दोन रात्रींची झोप एका शब्दानं घालवली आणि एका शब्दानं परत आणली. म्हणून हा लेख. मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी बघते की 'खूप काळ टिकणारं' या एका अर्थाभोवती इंग्रजीत जे वीस-पंचवीस शब्द आहेत ना, त्यांच्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, क्रॉनिक, पर्मनंट, परपेच्युअल, पर्सिस्टंट, परेनियल, ड्युरेबल, इटर्नल, आणि हे शब्द आता फक्त परीक्षेच्या पेपरात राहिलेले नाहीत. ते मेडिकल रिपोर्टवर आहेत, बाँडच्या कागदावर आहेत, इन्शुरन्सच्या पॉलिसीत आहेत, आणि न कुजणारी रसायनं बनवणाऱ्या इटलीतल्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं कोकणात लोट्याच्या एमआयडीसीत आल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून 'फॉरेव्हर केमिकल्स' हा शब्द तर चहाच्या टपरीवर ऐकू येतो.

एका अर्थासाठी एवढे शब्द कशाला?

हा प्रश्न वर्गात पहिल्या दिवशी येतोच. आणि मी दरवेळी उलटा प्रश्न विचारते, मराठीत किती आहेत ते मोजा बघू. मग मुलं सांगायला लागतात. टिकाऊ चप्पल. जुनाट खोकला. चिवट डाग. बारमाही नदी. संततधार पाऊस. रेंगाळलेला खटला. अजरामर नाटक. पिढीजात धंदा. फळा भरतो.

आता यांची अदलाबदल करा. जुनाट नदी. बारमाही चप्पल. टिकाऊ पाऊस. चिवट नाटक. कुणीच असं बोलत नाही, आणि का बोलत नाही हे आपल्याला कुणी शिकवलेलंही नाही, कानाला खटकतं बस. कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो या सवयीला भाषेच्या अभ्यासात कोलोकेशन म्हणतात, मी वर्गात त्याला शब्दांची सोयरीक म्हणते. खोकल्याची सोयरीक जुनाटशी, नदीची बारमाहीशी. इंग्रजीतही अगदी हेच आहे, फक्त ती सोयरीक आपल्या कानात लहानपणापासून बसलेली नसते, म्हणून ती जाणून घ्यावी लागते.

आणि ती जाणून घ्यायला मला एकच वाट सोपी वाटते. इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ करण्याआधी मराठीत स्वतःला विचारायचं, ही गोष्ट टिकतेय ते मला हवंय की नकोय? ती एकदा ठरली म्हणून तशीच राहिलीय, की अजून चालू आहे? आणि तिला कधीतरी शेवट आहे का? एवढं कळलं की निम्मे शब्द आपोआप गळतात.

क्रॉनिक म्हणजे जुनाट, भयंकर नव्हे

क्रॉनिकच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'क्रोनोस' आहे, म्हणजे काळ. क्रॉनिकमध्ये फक्त काळ मोजलाय, दुखणं किती मोठं आहे हे त्यात कुठेच नाही. डॉक्टर लोकांचे हिशेब ठरलेले असतात, मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर गेला की क्रॉनिक, सायनसचा त्रास बारा आठवडे झाले की क्रॉनिक, अंगदुखी किंवा कंबरदुखी तीन महिन्यांच्या वर चालली की क्रॉनिक. साधी सर्दीसुद्धा क्रॉनिक होऊ शकते आणि ती कुणाचा जीव घेत नाही.

याच्या विरुद्धचा शब्द ॲक्युट. तो लॅटिनमधून आलाय, टोकदार या अर्थाच्या शब्दावरून, आणि डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ अचानक सुरू झालेलं, थोड्या दिवसांचं. आता इथे आपल्याकडे एक घोळ झालाय, ॲक्युटचं मराठी बऱ्याच ठिकाणी 'तीव्र' असं केलेलं असतं. मग माणूस म्हणतो की एक तीव्र आणि दुसरं त्याहून पुढचं असणार. खरं तर हार्ट अटॅक हे ॲक्युट दुखणं आहे आणि गुडघेदुखी क्रॉनिक, यातलं जास्त घाबरायचं कुठलं ते सांगायला नको. आपल्या आयुर्वेदात जुन्या तापाला जीर्णज्वर म्हणायचे, नव्याला नवज्वर. नवं आणि जुनं, इतकं स्वच्छ! ते शब्द रिपोर्टच्या मराठीत घेतले असते तर काकूंची झोप गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

कधीकधी रिपोर्टवर 'ॲक्युट ऑन क्रॉनिक' असंही असतं, ते वाचून तर माणूस हादरतोच. पण त्यासाठी आपल्याकडे तयार वाक्य आहे, जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली.

क्रॉनिक अर्थातच अजिबात हलकं घ्यायचा शब्द नाही, क्रॉनिक किडनी डिसीज हे गंभीर प्रकरण असू शकतं. पण ते किती गंभीर आहे हे त्यातल्या स्टेजवरून कळतं, क्रॉनिक या शब्दावरून नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारायचं, जुनं आहे हे कळलं, पण कितपत आहे?

दवाखान्याच्या बाहेर हा शब्द नको असलेल्या गोष्टींनाच लागतो. पाण्याची क्रॉनिक टंचाई म्हणता येतं. क्रॉनिक मैत्री म्हणता येत नाही, वर्गातल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं तसं, आणि तिची काही चूक नव्हती, तिच्या डिक्शनरीत क्रॉनिकपुढे 'दीर्घकाळ टिकणारा' एवढंच छापलेलं होतं. तिथे लाँग-स्टँडिंग पाहिजे होतं. लाँग-स्टँडिंग मैत्रीलाही चालतं आणि भांडणालाही.

पर्मनंट कायमचं असतं का?

हा शब्द आता मराठीच झालाय. "पोरगा पर्मनंट झाला" म्हटलं की पेढे येतात. पण त्याचा अर्थ आपण 'कधीच न संपणारं' असा धरतो आणि तिथे घोटाळा होतो. पर्मनंट म्हणजे राहायला आलेलं, बदलायचं म्हणून ठेवलेलं नाही असं. तो टेम्पररीच्या विरुद्ध आहे, अमर या अर्थाचा नाही. पर्मनंट झालेला पोरगासुद्धा अठ्ठावन्नला नाहीतर साठला रिटायर होतोच.

उदाहरण आपल्या शाळेच्या इतिहासातच आहे. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसनं बंगालमध्ये जमीनमहसुलाची जी पद्धत लावली तिचं इंग्रजी नाव पर्मनंट सेटलमेंट, आपण ती 'कायमधारा' म्हणून पाठ केली. जमीनदारानं सरकारला किती भरायचं ते एकदा ठरलं, पुन्हा वाढणार नाही, म्हणून पर्मनंट. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात जमीनदारी रद्द करणारे कायदे झाले आणि ती पर्मनंट गोष्ट संपली, साधारण एकशेसाठ वर्षांत. शब्द खोटा नव्हता. ठरवताना ती बदलायची नाही असं ठरवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

फॉर्मवरचा पर्मनंट ॲड्रेस बघा. आमचं गावचं घर आता वर्षातले अकरा महिने कुलूप लावलेलं असतं, अंगणात तण माजतं, तरी माझ्या प्रत्येक फॉर्मवर पर्मनंट ॲड्रेसच्या रकान्यात तेच घर असतं आणि जिथे मी रोज राहते ते भाड्याचं घर करंट ॲड्रेसमध्ये. पर्मनंट म्हणजे कोण कुठे जास्त दिवस राहतं ते नव्हे, तर मूळ न हलणारी जागा कुठली ते. पॅन कार्डातला 'पी'सुद्धा पर्मनंटचाच, पत्ता बदला, नोकरी बदला, नंबर तोच.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांना हे आणखी नीट माहिती असतं. ग्रीन कार्डाचं खरं नाव पर्मनंट रेसिडेंट कार्ड, आणि त्या कार्डाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. मग पर्मनंट कसलं? तर तिथे राहायचा दर्जा पर्मनंट, त्याचा पुरावा म्हणून दिलेलं कार्ड मात्र रिन्यू करावं लागतं. सैन्यातसुद्धा तसंच, शॉर्ट सर्व्हिस कमिशन ठरलेल्या वर्षांचं आणि पर्मनंट कमिशन रिटायरमेंटपर्यंतचं, त्यातल्या भेदभावावर फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं महिला अधिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा सगळी लढाई या एका विशेषणाची होती, कारण पेन्शन आणि बढती त्या शब्दाला लटकलेली होती.

मार्कर आणि मतदानाची शाई

पर्मनंटच्या शेजारी एक शब्द ठेवून बघू म्हणजे फरक हातात येईल, इंडेलिबल. पुसता न येणारं.

परवा वर्गात एका मुलानं व्हाइटबोर्डवर चुकून पर्मनंट मार्करनं लिहिलं. डस्टरनं निघेना, पाण्यानं निघेना, सगळे घाबरले. मी त्याच अक्षरांवर साधा व्हाइटबोर्डचा मार्कर गिरवला आणि ओलं असताना पुसलं, दोन्ही एकदम निघालं. सॅनिटायझरनंही निघतं. म्हणजे नाव पर्मनंट, पण योग्य वस्तू लावली की जातं.

आता मतदानाची शाई. ती म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या सरकारी कंपनीत बनते आणि १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून आपल्याकडे वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवरच्या मिठाशी मिसळून तिथेच घट्ट बसतं आणि उजेड लागला की काळं पडतं. साबण लावा, घासा, जात नाही. पण बोटाकडे रोज बघत राहा, कातडीवरचा डाग काही दिवसांत झडतो आणि नखावरची रेघ नखाबरोबर हळूहळू वर सरकत जाते, मग एक दिवस नखं कापताना ती कापली जाते. तुम्ही पुसू शकत नाही, ती आपल्या पायानं जाते. इंग्रजीत तिला इंडेलिबल इंक म्हणतात, पर्मनंट इंक नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. बालपणीच्या आठवणीला इंडेलिबल म्हणतात तेही यामुळेच, पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही.

परपेच्युअल : या शब्दावर सही करण्याआधी थांबा

हा शब्द कळला नाही म्हणून लोकांचे पैसे गेलेत, त्यामुळे इथे जरा थांबते.

परपेच्युअल म्हणजे सतत चालू राहणारं, ज्याला थांबायची तारीखच नाही असं. पर्मनंट गोष्ट एका जागी असते, परपेच्युअल गोष्ट चालत असते. देवळातला नंदादीप हा परपेच्युअल, कारण त्यात कुणीतरी तेल घालत राहतं आणि तो जळत राहतो, देवळाचा दगडी पाया मात्र पर्मनंट.

आता बाँड. बाँड म्हणजे तुम्ही कंपनीला किंवा बँकेला दिलेलं कर्ज, ठरलेल्या तारखेला मुद्दल परत, मधे व्याज. परपेच्युअल बाँडमध्ये ती तारीखच नसते. व्याज येत राहणार असं सांगितलेलं असतं, पण मुद्दल कधी परत करायचं हे बाँड काढणारी बँक ठरवते, तुम्ही मागू शकत नाही. बँकांच्या एका प्रकारच्या परपेच्युअल बाँडमध्ये तर बँक अडचणीत आली तर व्याज चुकवता येतं आणि मुद्दल शून्यही करता येतं, ते कागदावर लिहिलेलं असतं. मार्च २०२० मध्ये एका मोठ्या खासगी बँकेला वाचवताना असे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे बाँड एका फटक्यात शून्य केले गेले. त्यात साधे गुंतवणूकदारही होते, रिटायर झालेले लोक होते, आणि आम्हाला हे एफडीसारखं सुरक्षित सांगून विकलं अशी तक्रार त्यातल्या अनेकांनी केली, प्रकरण कोर्टात गेलं.

त्या कागदावर परपेच्युअल शब्द होता. वाचणाऱ्याला वाटलं असणार 'कायम', म्हणजे भक्कम, म्हणजे चांगलं. मराठीत कायम शब्दाला भरवशाचा वास आहे ना! पण इथे परपेच्युअलचा अर्थ होता की तुमचं मुद्दल परत यायचा दिवस ठरलेला नाही. बँकेत कुणी हा शब्द उच्चारला तर एकच विचारा, माझे पैसे मला कुठल्या तारखेला परत मिळणार?

टणक आणि सोशिक

टिकाऊ वस्तूला ड्युरेबल. फ्रीज, वॉशिंग मशिन, टीव्ही यांना कंझ्युमर ड्युरेबल्स म्हणतात, घेऊन वापरून संपवायच्या साबण-बिस्किटांच्या उलट. हा शब्द वस्तूच्या घडणीबद्दल आहे, हाताळली, आपटली, धुतली तरी टिकते.

एन्ड्युरिंग त्याच कुळातला, दोघांच्या मागे लॅटिनचा 'टिकणे' असा धातू आहे. पण एन्ड्युअर म्हणजे टिकणं आणि सोसणं दोन्ही. त्यामुळे एन्ड्युरिंग ती गोष्ट जिनं वाईट दिवस काढले आणि तरी तग धरला. कोल्हापुरी चप्पल ड्युरेबल. ती चप्पल करायची कला, जी स्वस्त प्लॅस्टिकच्या लाटेतही राहिली, ती एन्ड्युरिंग. मराठीतलं 'तग धरणं' मला एन्ड्युअरच्या सगळ्यात जवळचं वाटतं, त्यात श्वास धरून ठेवल्यासारखं काहीतरी आहे. लास्टिंग मात्र परिणामाला लावायचा, लास्टिंग इम्पॅक्ट, लास्टिंग पीस.

बारमाहीसाठी परेनियल. वर्षानुवर्षं चालणारं असा त्याचा सरळ लॅटिन अर्थ. वनस्पतीशास्त्रात दोन वर्षांपेक्षा जास्त जगणारं झाड म्हणजे परेनियल, आपण बहुवार्षिक म्हणतो. कुंडीतला गवती चहा बघा, चहात टाकायला कापून घ्या, पुन्हा फुटतो. यावरूनच 'परेनियल प्रॉब्लेम' आलाय, कापला तरी पुन्हा फुटणारा. मे महिन्यात टँकर, पावसाळ्यात खड्डे.

फॉरेव्हर केमिकल्स खरंच फॉरेव्हर आहेत का?

पर्सिस्टंट म्हणजे चिवट. हटवायचा प्रयत्न होऊनही न हटणारं, हे त्यात महत्त्वाचं. माणूस पर्सिस्टंट असला तर चिकाटीचा, डाग असला तर चिवट. एकच शब्द, कौतुकही आणि तक्रारही.

पर्यावरणाच्या कायद्यात हा शब्द मोठा आहे. न कुजणाऱ्या, अंगात साठत जाणाऱ्या विषारी रसायनांना पर्सिस्टंट ऑरगॅनिक पोल्युटंट्स म्हणतात, त्यांच्याविरुद्ध २००१ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय करार झाला, डीडीटी त्या यादीत आहे. पीएफएएस नावाचा हजारो रसायनांचा जो गट आहे, नॉनस्टिक भांडी, पाणी न धरणारे कपडे, आग विझवायचा फेस यांच्यात वापरला जाणारा, त्यातलीही काही आता त्या यादीत आहेत. त्यांच्यात कार्बन आणि फ्लोरिन यांची जी जोडी असते ती रसायनशास्त्रातल्या सगळ्यात घट्ट गाठींपैकी एक. ऊन, पाणी, जिवाणू, कुणाला ती सहज सुटत नाही.

या रसायनांना 'फॉरेव्हर केमिकल्स' हे नाव हार्वर्डमधले प्राध्यापक जोसेफ ॲलन यांनी २०१८ मध्ये वर्तमानपत्रातल्या एका लेखात दिलं, फ्लोरिनचा एफ आणि कार्बनचा सी घेऊन एफ-सी, फॉरेव्हर केमिकल्स. कुणी म्हणेल हे लोकांना घाबरवायला केलेलं नाव आहे, फॉरेव्हर थोडंच असतं काही, खूप उष्णता दिली तर ही रसायनंही मोडतात. ते खरं आहे. पण नदीत, विहिरीत, माणसाच्या रक्तात ती उष्णता कोण देणार? माणसाच्या आयुष्याच्या हिशेबानं ते फॉरेव्हरच. 'पर्सिस्टंट' हा शब्द कितीतरी वर्षं सरकारी कागदांत होता आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, शब्द बदलला आणि गावागावात प्रश्न विचारले जाऊ लागले. मला हे नाव योग्य वाटतं.

कंटाळा मोजणारे शब्द

काही शब्दांत काळापेक्षा बोलणाऱ्याचा जीव कसा झालाय ते असतं. प्रोट्रॅक्टेड घ्या, लांबत गेलेला, ओढत नेलेला. यात जो 'ट्रॅक्ट' आहे तोच ट्रॅक्टरमध्ये आहे, दोन्हीकडे ओढणंच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा म्हणून लाँग-स्टँडिंग, आणि त्याचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, त्याला प्रोट्रॅक्टेड म्हणतात. बेळगावातल्या माणसाला कुठला शब्द जास्त पटेल हे वेगळं सांगायला नको.

इंटरमिनेबल लक्षात ठेवायला तर सीएसएमटीला जा. टी म्हणजे टर्मिनस, गाडी जिथे संपते ते स्टेशन. ज्याला टर्मिनसच नाही ते इंटरमिनेबल, संपता संपेना असं भाषण. लिंगरिंग म्हणजे रेंगाळणारं, बोंबील तळले की दुसऱ्या दिवशीही पडद्याला येतो तो वास.

पावसाच्या बातमीत 'इन्सेसंट रेन्स' असतं, ती आपली संततधार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो इन्सेसंट. कंटिन्युअस म्हणजे मधे खंड नाही असं, नळाची धार. कंटिन्युअल म्हणजे थांबून थांबून पण पुन्हा पुन्हा, तान्ह्या बाळाचं रात्रभर उठणं. सरीवर सरी कंटिन्युअल.

पण मोबाइलवर ट्रान्सलेट करता येतं की

येतं, आणि मी पण करते. पण रिपोर्टवर फक्त दोन शब्द असतात, बाँडवर एकच, आणि मशिननं दिलेला मराठी शब्द बरोबर बसला की नाही हे शेवटी आपल्याच कानाला ठरवायचं असतं. शिवाय भाषांतरातही घोळ आधीपासून आहेत. सस्टेनेबल डेव्हलपमेंटला आपण 'शाश्वत विकास' म्हणतो, १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापासून ही कल्पना जगभर गेली, पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टं ठरवली. पण शाश्वत म्हटलं की मराठी माणसाला कीर्तनातलं शाश्वत-अशाश्वत आठवतं, म्हणजे जे इंग्रजीत इटर्नल, सुरुवातही नाही आणि शेवटही नाही असं, आत्म्याबद्दल बोलताना वापरायचं. सस्टेनेबलमध्ये तसलं काही नाही. आज वापरलं तरी उद्याच्या पोरांना उरेल, जमिनीला पाण्याला झेपेल, एवढंच. मला विचाराल तर 'झेपणारा विकास' जास्त खरं आहे, ग्रामसभेत म्हातारा माणूसही मान डोलावेल.

"मग मॅडम, ग्रामर बरोबर असलं तरी शब्द चुकला तर काय बिघडतं?" हेही मुलं विचारतात. इंटरव्ह्यूमध्ये 'आय हॅव क्रॉनिक इंटरेस्ट इन सेल्स' म्हटलेल्या मुलाला काय वाटलं असेल जेव्हा समोरचे गप्प झाले, ते त्यानंच मला येऊन सांगितलं, डोळे भरले होते त्याचे. ग्रामर अगदी बरोबर होतं. लास्टिंग म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याच्या जागी त्यानं मराठीत क्षणभर 'मला सेल्सची जुनाट आवड आहे' असं मनात म्हणून बघितलं असतं तर तोच थांबला असता.

एका शब्दाला अजून मला जोडी सापडलेली नाही

वर्गात शेवटच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या वस्तू देते आणि प्रत्येकीला विशेषण लावायला सांगते. लोखंडी तवा, ड्युरेबल. आजीची पुरणाची रीत, एन्ड्युरिंग. फोडणीचा वास, लिंगरिंग. दूध, पेरिशेबल, नाशवंत. सगळं भराभर होतं आणि मग बरणी येते लोणच्याची, दोन वर्षांची, कैरीची फोड मऊ होऊन तेलात काळपट झालेली, आणि मुलं म्हणतात मॅडम, हे मुरलेलं आहे, मुरलेल्याला काय म्हणायचं?

मुरणं म्हणजे नुसतं टिकणं नाही, टिकता टिकता आत आत जाऊन चांगलं होत जाणं. इंग्रजीत चीज आणि वाइनला एज्ड म्हणतात, मॅच्युअर म्हणतात. मुरलेल्या राजकारण्याला सीझन्ड पॉलिटिशियन म्हणतात, तिथे अगदी चपखल बसतो. पण लोणच्याला सीझन्ड म्हटलं तर ऐकणारा समजतो मीठ-मसाला घातलेलं, आणि तो तर आम्ही दोन वर्षांपूर्वीच घातला होता. या वर्षी एका मुलीनं वहीत सरळ 'मुरलेलं पिकल' लिहिलं, इंग्रजी वाक्यात देवनागरी शब्द. मी त्याला पूर्ण मार्क दिले.